व्हॅरेनिक्लीनचा पाचवा दिवस : मळमळ, भलतीच स्वप्नं आणि मेहुण्याचे टोमणे

उंबरठ्यावर४१ :

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

वय ४१, सिगारेट १९ वर्षं, दिवसाला अठरा-वीस. सकाळी डोळे उघडल्यावर पहिली पेटवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. नुसत्या मनाच्या जोरावर तीनदा सोडली, त्यातला सगळ्यात लांबचा पल्ला २३ दिवसांचा. निकोटिनच्या च्युइंगगमने उचक्या लागून हैराण झालो. शेवटी डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लीन लिहून दिलं. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्यापासून तीच सकाळ-संध्याकाळ, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची दोनदा. सिगारेट आठव्या दिवशी बंद, तोवर ओढलीत तरी चालेल म्हणाले. हे ऐकून मलाच चुकल्यासारखं वाटलं.

आज पाचवा दिवस. कालपासून मळमळतंय. रात्री स्वप्नं इतकी खरी पडतात की उठल्यावर बायकोला दोनदा विचारलं, आपण काल भांडलो का? त्यात नेटवर वाचलं की या गोळीने लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. आणि मेहुणा रोज ऐकवतो, "गोळी खाऊन सोडली म्हणजे सोडलीच नाही."

थांबवू का? आणि बारा आठवडे खरंच घ्यावी लागते का? सुटली की बंद केली तर?

---

कोरडाघसा :

मी बुप्रोपिऑनवर सोडली, त्यामुळे तुमच्या गोळीबद्दल अधिकाराने बोलत नाही. माझी मुळात नैराश्यावरची गोळी, सिगारेट सोडण्यासाठी १९९७ पासून देतात. तीही सिगारेट बंद करायच्या आठवडा-दोन आठवडे आधीच सुरू करायची असते, त्यामुळे "ओढत ओढत गोळी" यात चुकीचं काही नाही. मला तोंडाला प्रचंड कोरड पडायची आणि झोप उडाली होती. दुसरी गोळी रात्री नऊला घेत होतो. डॉक्टरांनी ती संध्याकाळी पाचला आणली (दोन गोळ्यांत किमान आठ तास हवेतच), मग झोप आली.

कुणी हे वाचून स्वतःच बुप्रोपिऑन सुरू करू नका. फिट येण्याचा इतिहास असेल तर ती चालत नाही. मला डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

---

दुसरीखेप :

गोळी कशाबरोबर घेता ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज, उपाशीपोटी. मी पहिल्या खेपेला उठल्या उठल्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायचो आणि अर्ध्या तासात बेसिनला धरून उभा. ही गोळी पोटभर खाऊन, वर पूर्ण ग्लासभर पाणी पिऊन घ्यायची. पूर्ण ग्लास म्हणजे पूर्ण ग्लास. दुसरी झोपताना नाही, संध्याकाळच्या जेवणानंतर. स्वप्नांचा जोर त्याने उतरतो. मळमळ साधारण तिघांत एकाला होते आणि बहुतेकांची पुढे कमी होते. नाहीच झाली तर डॉक्टर डोस खाली आणतात. तेव्हा थांबवण्याआधी फोन करा.

स्वप्नांचं म्हणाल, तर मी वारलेल्या आजीबरोबर लिफ्टमध्ये अडकलो होतो आणि ती माझ्याकडे लिफ्टचं भाडं मागत होती. तिसऱ्या आठवड्यानंतर आजी आली नाही. थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

आता ओढत ओढत गोळी का, ते. मेंदूत निकोटिनला बसायच्या ठरलेल्या जागा असतात. ही गोळी तिथे आधी जाऊन बसते. बसल्यावर त्या जागेला स्वतःच हलकासा धक्का देते, म्हणून तलफ बोथट होते. आणि वरून सिगारेट ओढली तर तिच्या निकोटिनला जागाच मिळत नाही. मला सहाव्या दिवशी सिगारेट ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली आणि मी ती अर्ध्यात विझवली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तुमचा पहिला आठवडा त्यासाठीच आहे, फुकट जात नाहीये.

आत्महत्येच्या विचारांचं तुम्ही वाचलंत ते कुणी मनाने रचलेलं नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला होता. मग ईगल्स नावाची मोठी चाचणी झाली. आठ हजारांवर लोक, त्यातल्या जवळपास निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेलेला. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. नकली गोळीच्या किंवा निकोटिन पट्टीच्या तुलनेत असे त्रास लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो इशारा काढला गेला. तरीही घरात एकाला सांगून ठेवा, "मी वेगळा वागलो तर बोल." कारण सिगारेट सुटली की माणूस तसाही चिडका आणि उदास होतो, आणि गोळीमुळे काय, सुटल्यामुळे काय, हे आतून कळत नाही. मन फारच काळवंडलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते त्यांना आजच सांगा. दारूही जपून, या गोळीवर काहींना ती नेहमीपेक्षा जास्त चढते.

तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या टोपणनावातच आहे. पहिल्या खेपेला पाचव्या आठवड्यात मी गोळी बंद केली. तलफ नव्हती, वास नकोसा झाला होता. म्हटलं, सुटली की, आता कशाला ही रसायनं पोटात ढकलायची? डॉक्टरांना सांगितलंही नाही. अकरा दिवसांनी ऑफिसच्या जिन्यात एकाने सहज पाकीट पुढे केलं. पुठ्ठ्याची चव नव्हती. चांगली लागली हो, हेच तर! महिन्याभरात पंधरावर होतो.

मला "सुटली" असं जे वाटत होतं, ते गोळी जागेवर बसलेली होती म्हणून वाटत होतं. त्या जागा शांत व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या खेपेला बारा आठवडे पूर्ण केले, आणि बाराव्याला सिगारेट बंदच होती म्हणून डॉक्टरांनी आणखी बारा दिले. आता दोन वर्षं चार महिने झाले.

गोळी म्हणजे हमी नाही, तेही सांगतो. त्याच चाचणीत नवव्या ते बाराव्या आठवड्यात एकही सिगारेट न ओढलेले या गोळीवर ३३.५ टक्के होते, नकली गोळीवर १२.५. चोविसाव्या आठवड्यापर्यंत टिकले २१.८ आणि ९.४. म्हणजे दुपटीहून जास्त फायदा, तरी पाचांतला एकच. जेवणानंतर हात खिशाकडे जातो, फोन आला की पाय गॅलरीकडे वळतात, त्यावर गोळी काही करत नाही. मी फोन आला की बसून घ्यायला लागलो. हसू नका.

मेहुण्याला विचारा, चष्मा लावून वाचलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं की नाही?

---

उंबरठ्यावर४१ :

उपाशीपोटीच घेत होतो. तेही सिगारेटच्या आधी, म्हणजे तुमच्याही वरचढ. नैराश्य वगैरे कधी नव्हतं. एक राहिलं : कालची संध्याकाळची गोळी विसरलो, तर आज सकाळी दोन घ्यायच्या का?

---

गोळ्यामोजणारी :

नाही! विसरलेली गोळी भरून काढायला दुहेरी घ्यायची नसते. पुढची तिच्या वेळेला एकच.

मी औषधांच्या काउंटरवर उभी असते, म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण लोक त्या सांगायच्या विसरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर या गोळीचा डोस कमी लागतो. आणि दुसरी, जी गोळीची नाहीच, सिगारेट सुटण्याची आहे : धुरातल्या घटकांमुळे (निकोटिनमुळे नव्हे) यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालत असतं. धूर थांबला की ते मंदावतं आणि काही औषधं रक्तात वाढायला लागतात. दम्यासाठीचं थिओफायलीन, मानसिक आजारातली क्लोझापीन, ओलान्झापीन ही त्यातली. तुम्ही किंवा हा धागा वाचणारं कुणी यातलं काही घेत असेल, तर सिगारेट बंद करायची तारीख आधीच डॉक्टरांना कळवा. कॅफीनचंही तेच. सिगारेट सोडल्यावर "छातीत धडधडतंय, हात थरथरतात" म्हणून येणाऱ्यांना मी आधी दिवसभरातल्या कॉफीचे कप मोजायला लावते.

---

कोरडाघसा :

अरेच्चा, म्हणजे माझी झोप एकट्या बुप्रोपिऑनने उडवलेली नसणार. पाच कप चालू होते.

---

उंबरठ्यावर४१ :

आज तेरावा दिवस. आठव्याला ठरल्याप्रमाणे बंद केली. नवव्याला बाल्कनीत एक पेटवली, दोन झुरके घेतले आणि टाकून दिली. पुठ्ठा नाही, मला जळक्या रबरासारखी लागली. डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले गोळी चालू ठेवा, दिवस नव्याने मोजत बसू नका. मळमळ जेवणानंतर घ्यायला लागल्यापासून जवळजवळ गेली. चिडचिड भरपूर आहे, बायको तिच्या वहीत टिपून ठेवतेय, वही दाखवत नाही. बाराव्या आठवड्याचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय.

स्वप्नं चालूच आहेत. काल मेहुणा आला होता, माझ्याकडे सिगारेट मागत होता. दिली नाही.