चर्च फुटलं ते पोपच्या अधिकारामुळे की भांडण मुळात दुसरंच होतं?

वसईची_लेक
नमस्कार मंडळी. आमचं घर कॅथलिक, वसईतलं. ऑफिसात माझ्या शेजारी केरळची एक मैत्रीण बसते, ती ऑर्थोडॉक्स. मिस्साला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला, ते कुर्बाना म्हणतात, पण मरिया माता, संत, सात संस्कार, बिशप सगळं तिच्याकडेही आहे. मग फरक कुठे विचारलं तर म्हणाली, आम्ही पोपना मानत नाही, बास. आम्हाला धर्मशिक्षणात एवढंच सांगितलेलं की १०५४ ला पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडचं कॅथलिक चर्च वेगळं झालं आणि पुढे प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्युथरच्या वेळी परत फूट पडली. पण नुसत्या एका पदावरून हजार वर्षं लोक एका वेदीपाशी येत नाहीत हे मनाला पटत नाही. वाद नकोय, खरंच समजून घ्यायचंय. आणि एक, ती आमच्याबरोबर चर्चमध्ये आली तर तिला कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेता येईल का?

जुनी_पानं
ताई, आधी एक सांगतो, केरळच्या ऑर्थोडॉक्स लोकांचा १०५४ शी थेट संबंध नाही. ते सतराव्या शतकात अँटिओकच्या सिरियन चर्चशी जोडले गेले आणि ते सिरियन चर्च तर ४५१ च्या चाल्सिडनच्या बिशप-परिषदेनंतरच बाजूला झालेलं, तिथे मुख्य वाद ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण कसं एकत्र आहे हा होता, पोपपद नव्हे.

आता १०५४. दक्षिण इटलीत नॉर्मन लोक ग्रीक रिवाजाच्या चर्चवर लॅटिन, म्हणजे रोमचा, रिवाज लादत होते, इकडे कॉन्स्टँटिनोपलचे (आजचं इस्तंबूल) पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख बिशप, मायकेल केरुलारियस यांच्यावर त्यांच्या शहरातली लॅटिन चर्च बंद केल्याचा आरोप होता, आणि पत्रापत्रीत भांडण कशावरून तर मिस्साची भाकर खमिराची की बिनखमिराची. पोप लिओ नववे यांनी कार्डिनल हंबर्टना बोलणी करायला पाठवलं, बोलणी फिसकटली आणि १६ जुलैला हंबर्टनी तिथल्या हागिया सोफिया या मुख्य चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं आणि निघून गेले. पण लिओ एप्रिलमध्येच वारले होते! म्हणजे ज्यांच्या अधिकाराने बहिष्कार घातला ते पोप हयातच नव्हते. आणि बहिष्कार तरी कोणावर, पॅट्रिआर्क आणि त्यांच्या साथीदारांवर, अख्ख्या पूर्वेवर नाही. उलट बाजूनेही फक्त पत्र आणणाऱ्यांवर. त्यानंतरही कित्येक ठिकाणी दोन्हीकडचे लोक एकमेकांना ख्रिस्ती बांधवच मानत होते.

लोकांच्या मनातून तुटलं ते १२०४ ला असं माझं ठाम मत आहे. चौथ्या क्रुसेडच्या (धर्मयुद्धाच्या) सैन्याने, म्हणजे ख्रिस्ती सैन्याने, कॉन्स्टँटिनोपल लुटलं, हागिया सोफियासुद्धा सोडलं नाही, आणि व्हेनिसच्या माणसाला पॅट्रिआर्क म्हणून बसवलं. पोप इनोसंट तिसरे लुटीवर भयंकर संतापले हे खरं, पण त्या लॅटिन पॅट्रिआर्कला शेवटी त्यांनी मान्यता दिली हेही खरं. म्हणून १४३९ ला फ्लॉरेन्सला ग्रीक बिशपांनी एकीच्या करारावर सह्या केल्या तरी घरी आल्यावर लोकांनी ऐकलं ते सही न करणाऱ्या इफेससच्या मार्क यांचं.

पोपपदाचा प्रश्न या सगळ्याच्या खाली आधीपासून होता. ३८१ च्या परिषदेने कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या खालोखाल मान दिला, कारण ते नवं रोम. ४५१ ला बिशपांनी अजून स्पष्ट लिहिलं की जुन्या रोमला मान मिळाला तो राजधानी म्हणून. पोप लिओ पहिले यांनी तो नियम मान्यच केला नाही, कारण रोमच्या मते पहिला मान संत पेत्रामुळे आहे, पोप त्याचे वारसदार म्हणून, राजधानीमुळे नाही. पहिला मान रोमचा हे दोघांनाही कबूल होतं, पण तो कशामुळे यावर एकमत नव्हतं आणि कशामुळे हेच ठरलं नाही तर त्या मानातून किती अधिकार येतो हे कसं ठरणार?

पालघर_कॅथलिक
जुनी पानं, इतिहास बरोबर आहे पण वाचणाऱ्याला वाटेल पोपपद म्हणजे नुसतं राजकारण. तसं नाही हो. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथच्या मंडळीत भांडणं झाली तेव्हा रोमच्या मंडळीने त्यांना पत्र लिहून समजावलं, तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या हातात कसलीच सत्ता नव्हती, उलट छळ होत होता. आणि चाल्सिडनला पोप लिओंचं पत्र वाचल्यावर तिथल्या पूर्वेकडच्याच बिशपांनी घोषणा दिल्या की लिओच्या मुखातून पेत्र बोलला.

दुसरं, पोप नसले की फूट पडत नाही का? २०१६ ला क्रीटला सगळ्या ऑर्थोडॉक्स चर्चची परिषद ठरली, रशिया, बल्गेरिया, जॉर्जिया आणि अँटिओक आलेच नाहीत. २०१८ ला युक्रेनवरून मॉस्कोने कॉन्स्टँटिनोपलशी संबंधच तोडले. शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नसलं की असं होतं. मला पोपपद ओझं वाटत नाही, आधार वाटतो.

वसईची_लेक
दोघांचेही आभार. पण मग केरळात काय झालं? तिथे तर रोमही लांब आणि कॉन्स्टँटिनोपलही लांब.

मूळचे_माझगावकर
हे मी सांगतो, कारण त्यात आपलं गोवा येतं. १५९९ ला गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस केरळात गेले आणि उदयम्पेरूरला सिनड (धर्मसभा) भरवून संत थॉमस ख्रिस्ती, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या, सिरियन प्रार्थनांत बदल केले, चुकीचे ठरवलेले ग्रंथ जाळायला लावले. मग बिशप म्हणून एकामागून एक जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू). पन्नासएक वर्षं लोकांनी सोसलं आणि ३ जानेवारी १६५३ ला मट्टनचेरीच्या क्रुसाला दोर बांधून, तो धरून शपथ घेतली की जेझुइटांचं ऐकणार नाही. ती शपथ पोपविरुद्ध होती की फक्त जेझुइटांविरुद्ध यावर तिथे अजूनही वाद आहे. मी तरी दुसऱ्या बाजूचा, कारण पुढच्या काही वर्षांत रोमहून कार्मेलाइट या दुसऱ्या संघाचे धर्मगुरू पाठवले गेले तेव्हा त्यातले पुष्कळ लोक परत आले. पोप नको होते तर आले असते का? लोकांचा राग पोर्तुगीज राजाच्या पाद्रोआदोवर होता, म्हणजे पूर्वेकडचे बिशप सुचवायचा हक्क राजाचा.

आपल्या मुंबईत तरी काय वेगळं झालं? १७९४ पासून एकाच शहरात काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे आणि काही रोमने नेमलेल्या व्हिकर अपॉस्टॉलिककडे (पोपच्या प्रतिनिधीकडे). दोन्हीकडचे कॅथलिक, दोघेही मिस्सात पोपसाठी प्रार्थना करणारे, तरी चर्चच्या ताब्यावरून पिढ्यानपिढ्या भांडले. ते दुहेरी राज्य संपलं १९२८ ला. म्हणून पोपपद हेच मूळ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. कितीतरी वेळा लोकांनी पोपना नकार दिलेलाच नाही, त्यांच्या नावाने मधे जो उभा राहिला त्याला दिलाय.

जुनी_पानं
माझगावकर, पटलं, पण सगळं मधल्या माणसांवर ढकलता येणार नाही. १८७० ला पहिल्या व्हॅटिकन परिषदेने दोन गोष्टी ठरवल्या. एक अस्खलनशीलता, म्हणजे पोपनी श्रद्धेबाबत अधिकृतपणे ठरवलेलं चुकू शकत नाही, ती त्यानंतर उघडपणे एकदाच वापरली गेली, १९५० ला मरियेच्या स्वर्गोन्नयनाबाबत. दुसरीकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण पूर्वेला अडचण जास्त तीच, की पोपचा अधिकार जगातल्या प्रत्येक धर्मप्रांतावर थेट चालतो. १९६५ ला पोप पॉल सहावे आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे बहिष्कार मागे घेतले, २००७ ला रॅव्हेन्नाला दोन्हीकडच्या धर्मपंडितांनी मान्य केलं की पहिल्या हजार वर्षांत क्रमाने पहिलं रोमच होतं. गाडी अडलीय ती त्या पहिल्याने करायचं काय यावर.

आणि ताई, कम्युनियनचं राहिलं. आपल्या कॅनन लॉप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) पूर्वेकडच्या चर्चच्या माणसाने स्वतःहून मागितलं आणि मनाची योग्य तयारी असेल तर फादर देऊ शकतात. प्रश्न तिच्या बाजूचा आहे. केरळात त्यांचे दोन गट आहेत, ती जॅकोबाइट आहे की मलंकरा ऑर्थोडॉक्स ते आधी विचारा. जॅकोबाइट अँटिओकच्या पॅट्रिआर्कना मानतात आणि त्या पॅट्रिआर्कनी १९८४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांच्याबरोबर सही केलीय की आपला धर्मगुरू मिळत नसेल तर एकमेकांकडे कम्युनियन घेता येईल. मलंकरा ऑर्थोडॉक्स त्या सहीत नाहीत. त्या दोघांमधला वाद तर अँटिओकच्या पॅट्रिआर्कचा अधिकार केरळात किती चालतो यावरूनच आहे, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला तरी मिटलेला नाही, तेव्हा जरा जपून विचारा, आणि तिने आधी तिच्या अच्चनना (फादरना) विचारलेलं बरं.

वसईची_लेक
सोमवारी विचारते. आणि माझगावकर, त्या दुहेरी राज्यात माहीमचं सेंट मायकल कोणाकडे होतं? आमचे आजोळचे तिथले.