मदत हवी आहे: कॅनडात बातम्या कुठे वाचता?

मंडळी, मिसिसागाला येऊन तीन महिने झाले. इथे फेसबुक-इन्स्टावर बातम्याच दिसत नाहीत. आपल्या मराठी वर्तमानपत्राचं पानही कोरं! चौकशी केल्यावर कळलं, २०२३ च्या ऑनलाइन न्यूज कायद्यामुळे गूगल, मेटा (फेसबुक-इन्स्टाची मालक कंपनी) यांच्यावर बातम्यांच्या लिंकांसाठी माध्यमांना पैसे द्यायची वेळ आली. गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर कबूल केले, मेटाने मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बातम्याच बंद केल्या. भांडण त्यांचं, उपाशी आपण.

सीबीसी या इथल्या सार्वजनिक वृत्तसंस्थेचं ॲप घेतलंय. पण बस, शाळा, घरभाडं असल्या गल्लीतल्या बातम्या कुठे मिळतात? क्वीन्स पार्कचं, म्हणजे इथल्या ओंटारियो प्रांताच्या विधानसभेचं, राजकारण सोप्या इंग्रजीत कोण सांगतं? बाबा रोज फोनवर विचारतात, "तिकडे काय चाललंय?" आणि मी आपलं हवामान सांगतो.