फ्लटर ३.२९ वर गेल्यापासून प्रिंटरचं प्लगइन माझ्याकडे चालतं, पार्टनरकडे नाही

संकलन_कागल
नमस्कार मंडळी. कागल तालुक्यातल्या तीन दूध संस्थांसाठी आमचं फ्लटरमध्ये (गूगलच्या अ‍ॅप बनवायच्या साधनात) लिहिलेलं संकलनाचं अ‍ॅप आहे. दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर अशी पावती दोन इंची ब्लूटूथ प्रिंटरवर निघते. आमच्या प्रिंटरात देवनागरी फॉन्ट नाही, म्हणून अख्ख्या पावतीचं ३८४ ठिपके रुंद चित्र करून तेच छापतो. चित्र नीट छापणारं प्लगइन (अ‍ॅपला प्रिंटरशी जोडणारा दुसऱ्याचा तयार कोड) मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं, पण त्याच्या लेखकानं २०२२ नंतर त्याला हात लावलेला नाही.

प्ले स्टोअरच्या टार्गेट ३५ च्या (अ‍ॅप अँड्रॉइड १५ साठी बांधायच्या अटीच्या) निमित्तानं सगळंच अपडेट करून टाकलं आणि बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बांधणं) फेल. आधी 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड', ते निस्तरलं तर 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल, रजिस्ट्रार'. रात्री पब कॅशच्या (उतरवलेली पॅकेजं आपल्या मशीनवर साठतात त्या) फोल्डरात शिरलो, प्लगइनच्या ग्रेडल (बिल्डच्या सेटिंगच्या) फाइलीत एक ओळ घातली, जावा फाइलीतली रजिस्ट्रारवाली मेथड उडवली. झाला की बिल्ड! सकाळी पार्टनरनं कोड ओढला तर त्याच्याकडे तेच दोन एरर. त्याला ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली (हसू नका). परवा मी कॅश रिपेअर (सगळी पॅकेजं मूळ रूपात पुन्हा उतरवणारी कमांड) मारलं आणि माझंही गेलं.

दुसरं प्लगइन शोधू, का यालाच धरून बसू? एकूण २३ आहेत, उद्या अजून कुठलं मोडेल ही धास्ती वेगळीच.

जुना_अँड्रॉइडवाला
कॅश ही भाड्याची खोली आहे राव, तिथं भिंत पाडून काय उपयोग! प्लगइन फोर्क करा (म्हणजे त्याच्या कोडची स्वतःची प्रत काढा), तुमचे दोन्ही बदल तिथं कमिट करा आणि पबस्पेकमध्ये (अ‍ॅपच्या पॅकेजांच्या यादीत) त्या प्रतीचा गिटचा पत्ता द्या. रेफमध्ये ब्रँचचं नाव नको, कमिटचा हॅश टाका, म्हणजे सगळ्यांकडे नेमका तोच कोड येईल.

एरर का आले तेही सांगतो. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ पासून प्रत्येक मॉड्यूलला नेमस्पेस (कोडच्या पॅकेजचं नाव, ग्रेडल फाइलीत लिहिलेलं) सक्तीचा झाला. तिथं मॅनिफेस्टमधलं (अँड्रॉइडच्या माहिती-फाइलीतलं) पॅकेजचंच नाव द्या आणि मॅनिफेस्टमधून ते काढा. रजिस्ट्रार ही जुन्या एम्बेडिंगची (फ्लटर अँड्रॉइडमध्ये बसवायच्या जुन्या पद्धतीची) भानगड. नवी पद्धत २०१९ च्या शेवटी १.१२ सोबत आली, जुनी ३.२९ ला कायमची गेली. तुमच्या प्लगइनमध्ये दोन्ही असणार, म्हणून नुसती मेथड उडवून भागलं. फक्त जुनीच असती तर नव्या पद्धतीची ऑनअटॅच्डटूइंजिन मेथड लिहीत बसावं लागलं असतं.

पबस्पेक डॉट लॉक (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) गिटमध्ये आहे ना?

कोथरूड_कोटलिन
माझं मत उलटं. तुम्हाला लागतंय काय? जोडलेल्या प्रिंटरला सॉकेट (डेटा पाठवायची वाट) उघडायचं आणि बाइट्स ढकलायचे. मेथड चॅनल (फ्लटर आणि अँड्रॉइडच्या कोडमधला दुवा) लावून कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत शे-दीडशे ओळी होतील, प्लगइनच नको. मात्र अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ कनेक्टची परवानगी चालू अ‍ॅपमध्ये मागावी लागते. जुन्या प्लगइनांना हे ठाऊक नसतं आणि नव्या फोनवर अ‍ॅप कोसळतं. आयफोनवरही छापायचं असेल तर हा सल्ला सोडून द्या. एमएफआयवाला (अ‍ॅपलनं मान्यता दिलेला) प्रिंटर नसेल तर तिथं क्लासिक ब्लूटूथ अ‍ॅपच्या हाती लागत नाही, बीएलईवरच (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरच) यावं लागतं.

रात्रपाळी
२३ पैकी नेटिव्ह कोड (थेट अँड्रॉइड-आयफोनसाठी लिहिलेला) असलेले किती ते आधी मोजा. नुसत्या डार्टची (फ्लटरच्या स्वतःच्या भाषेतली) पॅकेजं अशी मोडत नाहीत.

संकलन_कागल
मोजले, ११ निघाले. त्यातले दोन कुठंच वापरात नव्हते, टोस्ट दाखवायला एक आणि बॅटरीची टक्केवारी बघायला एक (का घेतलं होतं देव जाणे). काढले.

लॉक फाइल चक्क गिटइग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत) होती! मीच टाकली होती, पॅकेजवाल्यांसाठीचा सल्ला वाचून. आता गिटमध्ये आहे. फोर्क केला, हॅश टाकला, पार्टनरकडे पहिल्या फटक्यात बिल्ड झाला. परवानगीचंही खरं निघालं, एका सचिवांच्या नव्या फोनवर छापायला गेलं की अ‍ॅप बंद पडायचं आणि आम्ही प्रिंटरच्या बॅटरीला दोष देत होतो.

चॅनलचा विचार दिवाळीनंतर. तोवर प्रिंटरचं इम्पोर्ट एकाच फाइलीत आणून ठेवलंय, आधी सहा स्क्रीनवर पसरलं होतं. आज संध्याकाळच्या संकलनाला ११४ पावत्या निघाल्या. जोडाक्षरांचे पाय अजून थोडे कापले जातात, पण तो माझ्याच चित्राच्या उंचीचा घोळ आहे.