दाशिकी: परंपरा आफ्रिकेची, नक्षी हॉलंडची?

उसवलेला: स्पष्टच लिहितो. गळ्याभोवती भडक नक्षी, खाली दोन खिसे असा जो सैल सदरा, म्हणजे दाशिकी, 'पश्चिम आफ्रिकेचा पारंपरिक पोशाख' म्हणून जगभर खपतो, त्याची ती प्रसिद्ध नक्षी हॉलंडची आहे. हेल्मंडच्या व्लिस्को कंपनीने ती १९६३ मध्ये काढली, आणि तीही इथिओपियातल्या भरतकामावरून. म्हणजे खंडाचं पार दुसरं टोक! घानात एका गाण्यावरून तिला 'अँजेलिना' म्हणायला लागले, ते नंतर. मग परंपरा कसली?

लागोसवाली: कापड आणि कपडा यांची गल्लत होतेय, दादा. उत्तर नायजेरियातल्या हाउसा भाषेत 'डान चिकी' म्हणजे आतला सदरा. दक्षिणेकडच्या योरुबा लोकांनी त्याचं 'दान्शिकी' केलं. वर बाब्बान रिगा म्हणजे घोळदार झगा, आत हा. नक्षीचा शब्दात कुठे पत्ता आहे का? इथे एकरंगी सुती दाशिकीही दिसतात, गळ्याला फक्त भरतकाम. उद्या खणाऐवजी सुरतेच्या छापील कापडाची चोळी शिवली, तर चोळी गुजराती झाली का?

उसवलेला: चोळी घालून कुणी क्रांती मागितली नाही. दाशिकीचा आज जो अर्थ आहे, कृष्णवर्णीयांचा अभिमान वगैरे, तो साठच्या दशकाअखेर अमेरिकेत चिकटला. हाउसांच्या कानो शहरात ती अंगात घालायची वस्तू होती, बस्स.

काजेबटण: अमेरिकेतही सगळे भारावले नव्हते बरं का. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा फ्रेड हॅम्प्टन बजावायचा की राजकीय सत्ता दाशिकीच्या बाहीतून येत नाही. १९६९ मध्ये शिकागोत पोलिसांनी त्याला मारलं तेव्हा तो जेमतेम २१ वर्षांचा होता. पण चिमटा काढायला त्याला दाशिकीच सुचली, म्हणजे सदऱ्याला वजन आलं होतं. अर्थ उशिरा आला म्हणून खोटा ठरत नाही.

उसवलेला: खोटा नाही म्हणत. 'पारंपरिक' म्हणू नका, एवढंच.

लागोसवाली: नक्षीला नका म्हणू. शिवणीला म्हणणारच. बाकी गंमत ऐका. परवा बाजारातून अँजेलिना आणली, किनारीवर हॉलंडचं नाव ठसठशीत. शिंप्याने कापड चिमटीत चोळलं, उलटं केलं आणि हसला. "मॅडम, हे चिनी." मग बाही आखूड की लांब, तेवढं विचारून टेप काढली.