मदत हवी आहे: चार बखरी एकच सांगतात, म्हणजे चार पुरावे का?

अरबांच्या सुरुवातीच्या स्वाऱ्यांवर (634 ते 660) लेख लिहायला घेतलाय. ऱ्होड्स या ग्रीक बेटावरच्या कोसळलेल्या महाकाय पुतळ्याचं ब्राँझ अरबांनी एका ज्यू व्यापाऱ्याला विकलं, असं थेओफानीस, मनबिजचा अगापियस, मायकेल द सीरियन आणि 1234 ची निनावी सिरियॅक (सीरियातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) बखर असे चौघेही सांगतात. हे पक्कं धरावं का? शिवाय एका नोंदीत साल 945 आहे, ते इसवीत कसं आणायचं?

जुनीपोथी: चार नव्हे, बहुधा एकच. चौघांच्या मागे एडेसाचा थिओफिलस (मृत्यू 785) असल्याचं मानलं जातं. त्याचा ग्रंथ हरवलाय. मायकेल आणि 1234 वाल्यापर्यंत मजकूर आला तोही तेल-महरेच्या दिओनिसियसमार्फत (मृत्यू 845). विक्री 653 च्या सुमाराची, म्हणजे सांगणारा शंभरेक वर्षांनंतरचा. 'आठव्या शतकात ही कथा चालत होती' एवढंच लिहा. चारही उतारे शेजारी ठेवून ताडून बघा. चौघांत समान ते मूळचं असू शकतं, एकट्याचंच असेल ते त्याची भर किंवा दुसरं साधन. मात्र समान दिसलं की थिओफिलस, असं सरसकट म्हणू नका. त्यावर अलीकडे बराच वाद आहे.

सनावळी: 945 हा सेल्युकिड सन, इसपू 312 च्या ऑक्टोबरपासूनचा. जानेवारी ते सप्टेंबरसाठी 311 वजा करा, पुढच्या तीन महिन्यांसाठी 312. तुमची नोंद गाझाच्या पूर्वेला 12 मैलांवरच्या लढाईची असणार: फेब्रुवारी, शुक्रवार, इंडिक्शन (15 वर्षांचं करचक्र) 7. म्हणजे 634. पडताळा इंडिक्शनने घ्या: 634 + 3 = 637, त्याला 15 ने भागून बाकी 7. जमलं. हे चक्र 1 सप्टेंबरला बदलतं, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरसाठी 3 ऐवजी 4 मिळवा. वारही बघा, 4 फेब्रुवारी 634 ला शुक्रवारच येतो. थेओफानीसचं सातव्या शतकातलं जगत्-वर्ष (जगाच्या निर्मितीपासून मोजलेलं) मात्र इंडिक्शनपेक्षा एक वर्ष मागे पडतं. त्याची नुसती वजाबाकी करून लढाई एक वर्ष आधी टाकणारे कितीतरी लेख सापडतील.

प्रश्नकर्ती: आभारी आहे! मग घटनांच्या जवळचे कोण?

जुनीपोथी: गाझाची ती नोंदच, साधारण 640 ची, पण हाती आहे ती आठव्या शतकातली प्रत. 660 च्या आसपासचा आर्मेनियन सेबेओस आणि खुझिस्तानची बखरही घ्या. सीरियातल्या गबिथाच्या लढाईची नोंद एका शुभवर्तमानाच्या कोऱ्या पानावर आहे, पण शाई इतकी उडालीय की छापील पाठात कंसातले शब्द संपादकांनी भरलेत. ते उद्धृत करू नका. निकिऊचा योहान इजिप्तसाठी अमूल्य, पण उरलाय तो 1602 च्या गीझ (इथिओपियाची जुनी भाषा) भाषांतरात, आणि 610 ते 640 चा भाग जवळपास गळलाय. सीरियाबद्दल तो गप्प आहे, यावरून काहीही सिद्ध होत नाही.