पगारात न धरलेले तास: तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींचं आठवड्याला ७० तासांचं विधान आलं, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं. दोन्ही वेळा वाद रंगला तो तास किती असावेत यावर. त्यातल्या किती तासांचे पैसे मिळतात, यावर फारसं कुणी बोललं नाही. मधल्या काळात, जुलै २०२४ मध्ये, पुण्यात २६ वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी वारली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र वाचलं आणि माझ्या टीममधल्या मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

मी पुण्यात आयटीत आहे. आमच्या टाइमशीटमध्ये दिवसाचे ९ तासच भरायचे. दहावा तास टाकला की फोन येतो, "क्लायंटला एवढे दाखवायचे नाहीत, कमी कर." म्हणजे रात्री साडेअकरापर्यंत केलेलं काम कागदावर झालेलंच नसतं. पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज याच कागदावरून निघतो आणि पुन्हा तेवढीच माणसं मिळतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ आणि त्यापुढे दुप्पट दर, असं स्वच्छ लिहिलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाच्या ९ तासांचे १० करायला मंजुरी दिली. जो तास नोंदलाच जात नाही त्याला दुप्पट दर कुठून मिळणार, हा माझा प्रश्न आहे.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. कंपनीचं, साहेबांचं नाव नको. पगार सांगायला लाजू नका.

फ्रेशर, हिंजवडी
पॅकेज साडेतीन लाख. माझा मामेभाऊ २०११ ला अशाच कंपनीत लागला, त्यालाही साधारण एवढंच होतं. तेव्हा त्याने वर्षभरात बाइक घेतली. मी वाकडला कॉट बेसिसवर राहतो. कॉट, मेस, बसपास आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता गेला की घरी पाठवायला काही उरत नाही. बाबा विचारतात, "इंजिनिअर झालास ना?" त्यांना काय सांगू? वर दोन वर्षांचा बाँड आहे, त्यामुळे सोडायचीही भीती वाटते.

चाकण, कंत्राटी कामगार
आमचे तास मोजतात, पंचिंग आहे. आमचं दुखणं वेगळं आहे. सात महिने भरत आले की ठेकेदार म्हणतो, "ब्रेक घे." २४० दिवस भरले की कायम होण्यावर हक्क सांगता येतो, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत, हे त्यामागचं कारण सगळ्या लाइनला माहीत आहे. महिनाभर गावी बसायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने त्याच गेटमधून आत, त्याच मशीनवर. गेटपास नवा आणि पगार पुन्हा सुरुवातीचा. शेजारच्या मशीनवरचा कायम कामगार तोच पार्ट काढतो आणि दुपटीहून जास्त घेतो. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही, त्याला मिळतं ते बरोबरच आहे. मला का नाही, एवढंच विचारतोय. दिवाळीला त्याला बोनस आणि आम्हाला मिठाईचा बॉक्स. तो बॉक्स पोरांच्या हातात देताना जीव जड होतो.

तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, मराठवाडा
प्राध्यापकीची नेट परीक्षा पास आहे, पीएचडी आहे. तासाला ९०० रुपये आणि आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. ऐकायला बरं वाटतं, पण उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचा काळ, दिवाळी यांत तासिका नाहीत म्हणून पैसेही नाहीत. झालेल्या तासांचं बिलही सहा-सहा महिने निघत नाही. कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती येणार म्हटलं की फायली मात्र आम्हीच लावायच्या, रात्री आठपर्यंत. त्याची तासिका लागत नाही. वय चाळिशीकडे झुकलंय. मुलगी बघायला गेलो की पहिला प्रश्न, "परमनंट का?" आता जाणंच बंद केलंय.

बँक, कोल्हापूर
प्राध्यापक सर, तुमचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे पगार ठीक आहे, त्यामुळे बोललं की लोक म्हणतात, "तुला काय कमी आहे?" सकाळी दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा येते, आज विम्याच्या किती पॉलिसी? दुपारी एकला पुन्हा, चारला पुन्हा. ज्यांच्या शून्य, त्यांची नावं लाल रंगात ग्रुपवर. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांना पॉलिसी गळ्यात मारायची हे माझ्याच्याने होत नाही, म्हणून माझं नाव बहुतेक रोज लाल असतं. बीपीची गोळी चालू झालीय. रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडतं.

आशा सेविका, नंदुरबार
मोबदला म्हणतात, पगार नाही. आझाद मैदानात बसलो, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये पाच हजारांच्या वाढीचा जीआर निघाला. बाळंतिणीला रात्री घेऊन जायचं हे आम्ही मनापासून करतो, त्याचं काही नाही. पण आता प्रत्येक गोष्टीचं अ‍ॅप आहे. पाड्यावर रेंज नाही, म्हणून टेकडीवर जाऊन माहिती भरते.

म्युनिक
इथे कायद्याने दिवसाला ८ तास आणि फार तर १० तास काम, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये ११ तासांची विश्रांती. २०२२ साली इथल्या संघीय कामगार न्यायालयाने तासांची नोंद ठेवणं मालकाचंच कर्तव्य ठरवलं. नोंद झाली की भांडायला आधार मिळतो, हे मी रोज पाहतो. इथला साहेब सात वाजता म्हणतो, "घरी जा." पुण्यातल्या माझ्याच टीमला मात्र तोच साहेब कॉल भारतीय वेळेनुसार रात्री नऊला लावतो. याबद्दल मी तीनदा बोललो, अजून वेळ बदललेली नाही.

टीम लीड, खराडी
धागाकर्त्या ताई, मी टाइमशीट पास करणारा आहे. वरून दबाव असतो हे खरं, पण या तिमाहीत टीमला सांगितलंय, जेवढं केलं तेवढंच भरा. वर उत्तर मी देतो. अप्रेझलमध्ये काय होईल ते होवो. दोन पोरांनी राजीनामे मागे घेतले.

चाकण, कंत्राटी कामगार
एक विचारायचं होतं. दर ठेकेदार पीएफ कापतो, पण भरतो का हे कसं कळणार?

हिशेब विभाग, भोसरी
दादा, प्रत्येक ठेकेदाराला तुमचा जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर द्या, नवा काढू देऊ नका. उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं. सॅलरी स्लिपमधली कपात आणि पासबुकातली रक्कम महिन्यागणिक ताडून बघा. ठेकेदाराने भरला नसेल तर मूळ कंपनीलाही जबाबदार धरता येतं. पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार करा. स्लिपचे आणि गेटपासचे फोटो आजच काढून ठेवा, ब्रेक दिला की गेटपास परत घेतात.