पीसीच्या वॉटर कूलिंग लूपचा (पाणी फिरवून थंड करणारी यंत्रणा) फ्लो अर्ध्याहून खाली आलाय, सीपीयू तापतोय पण जीपीयू (ग्राफिक्स चिप) थंड. पंप गेला का?

मंडळी, मदत हवीये. लूपचा क्रम असा आहे: डी५ पंप आणि रिझर्व्हॉयर, मग ३६० मिमीचा रेडिएटर, सीपीयू ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा धातूचा ठोकळा), जीपीयू ब्लॉक, २४० मिमीचा रेडिएटर आणि परत रिझर्व्हॉयर. नळ्या सगळ्या पारदर्शक, सॉफ्ट. आधी फ्लो मीटरवर तासाला १८० लिटरच्या आसपास दिसायचे, आता पंप फुल स्पीडला टाकला तरी ७० च्या वर जात नाही. गेममध्ये सीपीयू आधी ७०-७२ ला असायचा तो आता ९२ ला जातोय, आणि जीपीयू मात्र ५३ वर निवांत! ज्याला विचारावं तो म्हणतो पंप गेला, नवा घे, पण पंपाचा आवाज एकसारखा आहे आणि आरपीएम पण ४८०० च्या जवळ दाखवतोय. नवीन पंप घ्यायच्या आधी अजून काय बघू?

प्रतिसाद १:
पंप विकत घेऊ नका अजून. खोलीचं तापमान किती आणि पाण्याचं किती, ते आधी सांगा. सेन्सर आहे ना लूपमध्ये? हे दोन आकडे नसतील तर नुसता अंदाजपंचे कारभार होतो. अर्धा तास गेम चालू ठेवून मग रीडिंग घ्या, पाणी तापायला वेळ लागतो.

धागाकर्ता:
आहे सेन्सर. खोली २८, पाणी ३९.

प्रतिसाद २:
मग बरंचसं उत्तर इथेच आहे बघ. पाणी खोलीपेक्षा ११ डिग्रीने गरम, फुल लोडवर हे अगदी नॉर्मल, म्हणजे रेडिएटर आणि फॅन आपलं काम करतायत. जीपीयू पाण्यापेक्षा १४ ने वर, तो ब्लॉकही ठीक. आणि सीपीयू? पाण्यापेक्षा ५३ ने वर! दोष त्या ब्लॉकमध्येच आहे. नुसती चिप आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट सुकली असती किंवा स्क्रू सैल असते तर तापमान वाढलं असतं पण फ्लो पडला नसता, तुझ्याकडे दोन्ही एकदम झालंय म्हणजे आतल्या फिन्स (धातूच्या पातळ पट्ट्या) तुंबल्यात.

आणि फ्लो कमी झाला म्हणून सीपीयू तापला असं म्हणशील तर हिशोब बसत नाही. ७० लिटरला पाणी दर डिग्रीमागे साधारण ८० वॉट उष्णता नेतं, म्हणजे ४०० वॉटच्या लोडला लूपमध्ये एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना पाणी फार तर ५ डिग्रीने तापेल, १८० लिटरला २ डिग्रीने. फरक ३ डिग्रीचा, २० चा नाही. त्यामुळे नवा पंप लावलास तरी तो त्याच तुंबलेल्या ब्लॉकमध्ये पाणी ढकलत बसेल.

सीपीयू ब्लॉकच्या फिन्समधली फट मिलिमीटरच्याही अंशात असते, त्यामुळे लूपमधला कचरा अडवणारी गाळणी तीच होते, जीपीयू ब्लॉकला तेवढा त्रास होत नाही. सॉफ्ट पारदर्शक नळीतून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटतो, त्याचा पांढरा चिकट थर तिथेच बसतो. नळ्या धुरकट झाल्यात का ते बघ.

प्रतिसाद ३:
वरच्याशी सहमत, फक्त उघडायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. फिटिंगजवळ नळी दुमडली नाहीये ना, गरम झाल्यावर सॉफ्ट नळी वळणावर चपटी होते. आणि केस थोडी तिरकी करून बघा, बुडबुडे निघतात का. काही रायझेन ७००० चिप (एएमडीचे सीपीयू) फुल लोडला ९५ पर्यंत जातात, ते मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे, पण नुसत्या गेममध्ये ९२ आणि तेही आधी ७२ असताना, हे बरोबर नाही.

ब्लॉक उघडलात तर आतली जेट प्लेट (फटीतून फिन्सवर पाणी सोडणारी पट्टी) कुठल्या बाजूने होती त्याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली की वेगळीच डोकेदुखी. फिन्सच्या दिशेने मऊ टूथब्रश फिरवा, आडवा नको, फिन्स वाकतात. निकेल प्लेटिंग असेल तर व्हिनेगर अजिबात नको, साबणाचं कोमट पाणी पुरे, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) खाचेत नीट बसली की नाही ते बोट फिरवून बघा. भरताना फक्त पंपच चालू ठेवा, बाकी पीसीला पॉवर नको, आणि पंप कोरडा एक क्षणही चालवू नका, डी५ चं बेअरिंग पाण्यावरच फिरतं.

धागाकर्ता:
नळी कुठेच दुमडली नव्हती म्हणून उघडलाच शेवटी. जेट प्लेटच्या फटीखाली पांढरा जेलीसारखा थर, मधल्या फिन्स तर दिसतच नव्हत्या, कडेच्या स्वच्छ. नळ्या पण दुधाळ झाल्यात. साफ करून नवी पेस्ट लावली, आता फ्लो १७५, पाणी ३८ आणि त्याच गेममध्ये सीपीयू ७१! पंप आहे तोच. नळ्यांचं काय करू, ह्याच चालतील का?

प्रतिसाद २:
ह्याच ठेवल्यास तर परत तेच होणार. काळी ईपीडीएम (रबराची) नळी टाक, तिच्यातून हा प्लास्टिसायझर सुटत नाही. आणि फ्लोचा आकडा आता लिहून ठेव, हळूहळू खाली यायला लागला की तापमान वाढायची वाट न बघता ब्लॉक उघड.